पृष्ठभागाचा अंमल

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासात एक जुना शिरस्ता असा आहे, की द्रव्याचे अंतरंग तेवढे गंभीर चिंतनाचा विषय मानावे आणि त्याचे पृष्ठ म्हणजे ते अंतरंग जेथे नाइलाजाने संपते ती सीमा, एवढीच त्याची दखल घेऊन पुढे चालावे; आणि जोवर हाताळावयाचा स्फटिक डोळ्यांना दिसण्याएवढा, निदान सूक्ष्मदर्शकाखाली स्वस्थ पडून राहण्याएवढा मोठा होता, तोवर या शिरस्त्याने कोणाचे फारसे बिघडलेही नाही. परंतु ज्या स्फटिकाची कड नऊ नॅनोमीटरही भरत नाही, त्याच्या बाबतीत हा हिशेब साफ उलटतो. सिझियम, शिसे आणि ब्रोमीन यांच्या ज्या पेरोव्स्काइटाचे विवेचन पुढील पृष्ठांत आहे, त्याच्या एका घटक-कोशाची बाजू सुमारे ०.५९ नॅनोमीटर असते, तेव्हा ८.८ नॅनोमीटर कडेच्या घनाकृती स्फटिकात एका बाजूस पंधरा कोश, म्हणजे एकंदर ३३७५ कोश मावतात, आणि त्यांपैकी ज्यांचे एक तरी अंग बाहेर उघडे आहे असे कोश मोजू गेल्यास ते ११७८, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिकच निघतात. अशा स्फटिकाच्या पृष्ठाला परिशिष्टात ढकलून त्याचे गुणधर्म सांगू जाणे म्हणजे मूळ मजकूर गाळून केवळ शीर्षक वाचण्यासारखे नव्हे, तर भलतेच पुस्तक वाचण्यासारखे आहे.

पेरोव्स्काइट हे नाव मुळात एका खनिजाचे. उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटॅनेटाचे वर्णन गुस्ताफ रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये केले आणि रशियन सरदार पेरोव्स्की यांचे नाव त्यास दिले. पुढे त्या खनिजाची जी अणुरचना, ती ज्या ज्या संयुगात आढळली त्या सर्वांना हे कुलनाम मिळाले. त्यांपैकी सिझियम व शिसे यांच्या हॅलाइडांची स्फटिकरचना आणि प्रकाशात त्यांची वाढणारी विद्युत्संवाहकता यांविषयी क्रिस्तियन म्योलर यांनी कोपनहेगनहून आपला निबंध प्रसिद्ध केला तो १९५८ साली, म्हणजे ज्या वर्षी २३ ऑगस्ट रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आपल्या या शहरात मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले त्याच वर्षी. हा योगायोग आहे, आणि योगायोगाहून अधिक अर्थ त्यास देण्याचे कारण नाही. तरीपण या विद्यापीठात पदार्थविज्ञान किंवा रसायन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या संस्थेच्या आणि आपल्या विषयाच्या वयाचा मेळ एका दृष्टिक्षेपात लक्षात राहावा, म्हणून तो येथे नोंदविला. त्यानंतर अर्धे शतक हा निबंध बहुधा कपाटातच राहिला. २००९ मध्ये जपानात मियासाका यांच्या गटाने याच जातीच्या संयुगाचा सौरघट केला, त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के भरली. आणि २०१५ मध्ये झ्युरिक येथील माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने सिझियम-शिसे-हॅलाइडांचे ४ ते १५ नॅनोमीटर कडेचे नॅनोस्फटिक द्रावणात घडवून दाखविले, ज्यांचा प्रकाश हॅलाइड बदलताच निळ्यापासून तांबड्यापर्यंत ४१० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात हवा तेथे नेऊन ठेवता येत होता. प्रस्तुत विषयाचा खरा आरंभ तेथून धरावा.

या घडणीत लिगँडांचा, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठाला चिकटून राहणाऱ्या रेणूंचा, प्रवेश होतो तो अगदी पहिल्या क्षणी. शिशाचे ब्रोमाइड ऑक्टाडेसीन नावाच्या तेलकट द्रवात विरघळावे म्हणून ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन हे दोन लांब शेपटीचे रेणू मिसळावे लागतात. मग १४० ते २०० अंश सेल्सिअस तपमानावर त्यात सिझियमचे ओलेएट झटक्यासरशी टोचले, की काही सेकंदांत स्फटिक निपजतात, आणि लगोलग बर्फाच्या पाण्यात पात्र बुडवून त्यांची वाढ थांबवावी लागते. हे रेणू नसतील तर स्फटिक परस्परांना चिकटून त्यांचा निरुपयोगी गाळ होईल. ते असतात म्हणूनच प्रत्येक स्फटिक आपली पृथक् ओळख राखून द्रावणात तरंगतो, आणि त्याच्या पृष्ठावर हॅलाइड निसटून गेल्याने ज्या रिक्त जागा उरतात, त्यांवरही हेच रेणू बसून प्रकाश वाया जाण्याची वाट अडवितात. येथवर लिगँडांचे उपकारच उपकार आहेत.

आता स्फटिकावर प्रकाश पडला म्हणजे काय घडते ते पाहावे. शोषलेल्या ऊर्जेने एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातो आणि खाली त्याची पोकळी राहते. ही ऋण-धन जोडी काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश, नांदते, आणि तेवढ्या मुदतीत तिचा निकाल तीनपैकी एका रीतीने लागतो. इलेक्ट्रॉन व पोकळी पुन्हा एकत्र येऊन प्रकाश देतात. अथवा पृष्ठावरील एखाद्या दोषात दोघांपैकी एक अडकून ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गहाळ होते. अथवा दोघांपैकी एक स्फटिक सोडून शेजारच्या रेणूवर, शेजारच्या स्फटिकावर किंवा विद्युदग्रावर जातो. या तिसऱ्या निकालासच प्रभारांतरण म्हणावयाचे. दिव्यासाठी स्फटिक करणाऱ्याला पहिला निकाल हवा असतो, सौरघट अथवा प्रकाशउत्प्रेरक करणाऱ्याला तिसरा. दुसरा कोणालाच नको असतो. आणि लिगँडाचा संबंध या तिन्हींशी सारखाच निकटचा असल्यामुळे, एका कामासाठी निवडलेला रेणू दुसऱ्या कामास मारक ठरावा यात नवल नाही.

मारक तो कसा ठरतो, हे देवगिरीचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, आणि या शहरात राहून तो न पाहिलेला मनुष्य विरळाच, त्यांना चटकन उमजेल. भोवती तासून उभा केलेला कडा, त्याखाली खंदक, आत शिरण्यास एक अरुंद पूल आणि पुढे अंधारी, असा बंदोबस्त असता शत्रूने आत यावे कसे. परंतु १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीचा वेढा पडला तेव्हा धान्य म्हणून गडावर चढविलेल्या गोण्यांत मीठ निघाले अशी जी कथा सांगतात, ती खरी धरली तर ज्या बंदोबस्ताने गड अजिंक्य राखला त्यानेच बाहेरच्या रसदीलाही मज्जाव केला असे म्हणावे लागते. लिगँडांचेही तसेच. ओलेइक आम्लाच्या अठरा कार्बनांच्या साखळीत इलेक्ट्रॉनाला उभे राहण्याजोगी ऊर्जापातळीच नाही. त्याला पार व्हावयाचे ते पुंजयामिकीने दिलेल्या त्या चमत्कारिक सवलतीवर, जिच्यामुळे कण अडथळ्यावरून उडी न घेता त्यातून झिरपून पलीकडे निघतो. आणि ही सवलत अंतराबरोबर घातांकाने आटत जाते. संपृक्त कार्बनसाखळीच्या बाबतीत स्थूलमानाने एक कार्बन वाढला की अंतरणाचा वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे आठ कार्बनांच्या साखळीऐवजी अठरा कार्बनांची साखळी योजली, तर कागदावरच्या हिशेबाने वेग सुमारे एकोणसाठ हजार पटींनी उतरावा.

कागदावरच्या, असे मुद्दाम म्हटले. कारण इतका उतार प्रत्यक्षात नेहमी दिसत नाही, आणि तो का दिसत नाही याचे उत्तर शोधू जाता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. साखळ्या ताठ उभ्या नसतात, त्या वाकतात, शेजारच्या स्फटिकाच्या साखळ्यांत गुंततात, हे एक कारण आहेच. पण महत्त्वाचे कारण असे, की पेरोव्स्काइटाच्या पृष्ठावर लिगँड कायमचा रुजू झालेला नसतोच. कॅडमियम सेलेनाइडाच्या जुन्या, सुपरिचित नॅनोस्फटिकांवर कार्बॉक्सिलेट रेणू धातूच्या अणूशी बऱ्यापैकी घट्ट बांधलेला असतो. इकडे स्फटिकच आयनांचा, मृदू, मिठासारखा. त्यावरचा लिगँडही आयनाच्याच नात्याने टेकलेला. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या साधनाने दाखविले, की सिझियम-शिसे-ब्रोमाइडाच्या पृष्ठावरील ओलेइलअमोनियम आणि त्याचे जोडीदार ऋणायन सतत जा-ये करीत असतात, आज या स्फटिकावर तर उद्या द्रावणात. पुढच्याच वर्षी पुण्याच्या आयसरमधील अंगशुमन नाग यांच्या गटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटाच्या आधारे असे सिद्ध केले, की ओलेइलअमोनियम आयन पृष्ठावर नुसता चिकटत नाही, तर सिझियमच्या आयनाला बरखास्त करून त्याच्या जागी स्वतःची नेमणूक करून घेतो, आणि भोवतालच्या ब्रोमाइडांशी तीन हायड्रोजन बंध जोडून तेथे स्थिरावतो. अठरा कार्बनांची शेपटी असलेला हा आगंतुक स्फटिकाच्या जालकाचाच एक सभासद होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते नॅनोस्फटिकांविषयीच्या गेल्या दशकातील लेखनात इतका मोलाचा आणि इतका कमी उद्धृत होणारा निष्कर्ष दुसरा क्वचितच असेल. कारण लिगँड आणि स्फटिक हे दोन पक्ष आहेत असे गृहीत धरूनच बहुतेक चर्चा चालते, आणि येथे तर त्यांच्यातील सीमारेषाच पुसट झालेली आहे.

या पुसटपणाचे दोन परिणाम होतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. अनुकूल असा, की बाहेरून आलेल्या एखाद्या इलेक्ट्रॉनग्राही रेणूला, विशेषतः ज्याच्या अंगी कार्बॉक्सिल गट आहे त्याला, जा-ये करणाऱ्या लिगँडांच्या मधल्या फटीतून किंवा त्यांच्यापैकी एखाद्याची जागा घेऊन थेट पृष्ठाशी भिडता येते, आणि मग लांब साखळीचा अडथळा त्याच्या बाबतीत उरतच नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात तियानचुआन लिआन यांच्या गटाने २०१५ मध्ये मोजलेल्या वेगांत लांब लिगँड तसेच असताही बेंझोक्विनोनाकडे इलेक्ट्रॉन सुमारे ६५ पिकोसेकंदांत आणि फीनोथायझिनाकडे पोकळी सुमारे ४९ पिकोसेकंदांत निम्म्याने पोहोचत होती. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग, तेव्हा नॅनोसेकंदांत उमटणाऱ्या प्रकाशाच्या मानाने हे स्थलांतर फार आधी उरकलेले असते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्रनाथ घोष व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशाच स्फटिकांवर डायब्रोमोफ्लुओरेसिन हा रंजक बसवून प्रभार कोणत्या दिशेने आणि किती टप्प्यांनी हलतो याचा तपास केला. प्रतिकूल परिणाम असा, की लिगँड निघून जाताना कित्येकदा रिकाम्या हाताने जात नाही. अमोनियम आयनाबरोबर ब्रोमाइड जातो, ओलेएटाबरोबर शिसे जाते, आणि मागे राहिलेल्या रिक्त जागांत प्रभार अडकू लागतो.

म्हणूनच या क्षेत्रातील प्रयोगांचे निबंध वाचताना वाचकाने सर्वप्रथम एका साध्या गोष्टीची चौकशी करावी: स्फटिक धुतले किती वेळा, आणि कशाने? घडणीनंतर उरलेले तेलकट रेणू काढण्यासाठी द्रावणात मिथिल ॲसिटेट किंवा तत्सम अद्रावक घालून स्फटिक खाली बसवितात, वरचे द्रव ओतून देतात, पुन्हा हेक्झेनात किंवा टोल्युइनात पसरवितात. एकदा धुतलेल्या, दोनदा धुतलेल्या आणि तीनदा धुतलेल्या नमुन्यांवर लिगँडांची गर्दी निरनिराळी असते, दोषांची संख्या निरनिराळी असते, आणि साहजिकच प्रभारांतरणाचा वेगही निरनिराळा येतो; असे असता हा तपशील कित्येक ठिकाणी अर्ध्या ओळीत उरकलेला असतो किंवा मुळीच दाखल केलेला नसतो, आणि मग दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळेनात म्हणून सिद्धांताला दोष दिला जातो.

दुसरी चौकशी याहून कठीण आहे. स्फटिकांच्या द्रावणात ग्राही रेणू घातला आणि प्रकाश मंदावला, एवढ्यावरून प्रभारांतरण झाले असा फैसला देण्याची घाई सर्रास दिसते. प्रकाश मंदावण्यास इतर कारणे भरपूर आहेत. ग्राही रेणूचे शोषण स्फटिकाच्या प्रकाशाशी जुळत असेल तर इलेक्ट्रॉन न हलता केवळ ऊर्जाच तिकडे जाऊ शकते. रेणू आम्लधर्मी असेल तर तो लिगँडांना पृष्ठावरून उठवून दोष उघडे करू शकतो. आणि तो ध्रुवीय द्रावकात विरघळवून घातला असेल तर तो द्रावकच स्फटिकाला हळूहळू विरघळवीत असतो, ज्यास अंतरण न म्हणता विध्वंस म्हणणे योग्य. इलेक्ट्रॉन खरोखर गेला याचा पुरावा म्हणजे पलीकडच्या बाजूस तो पोहोचल्याची खूण: ग्राही रेणूच्या ऋण-मूलकाचा क्षणिक शोषण-पट्टा, आणि तोही स्फटिकातील इलेक्ट्रॉनाची खूण ज्या गतीने ओसरते त्याच गतीने उगवणारा. अशी मोजणी करण्यास स्पंद-लेझर लागतात, आणि ते ज्यांच्याकडे आहेत अशा संस्था आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परंतु साधन नाही म्हणून पुराव्याची अट शिथिल करावी, हे मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही. ज्याच्याजवळ केवळ प्रतिदीप्तिमापक आहे त्याने प्रकाश मंदावला एवढेच लिहावे, आणि आयुःकाल बदलला की नाही हे मोजता आल्यास तेही लिहावे.

लिगँडांच्या प्रश्नाचे व्यावहारिक मोल जेथे सर्वांत ठळक दिसले ते प्रकरण सिझियम-शिसे-आयोडाइडाचे. या संयुगाचे सूर्यप्रकाश उत्तम शोषणारे काळे रूप मोठ्या स्फटिकात ३०० अंश सेल्सिअसच्या वरच टिकते, आणि सामान्य तपमानाला ते पिवळे व निरुपयोगी होऊन बसते; स्फटिक नॅनोमीटरांच्या मापाचा केला म्हणजे मात्र पृष्ठऊर्जेच्या प्रभावाने काळे रूप सामान्य तपमानालाही नांदते. आता घट करावयाचा तर या स्फटिकांचा सलग थर हवा, थरातून प्रभार वाहावयाचा तर लिगँड काढावयास हवेत, आणि लिगँड काढावे तर काळे रूप ढासळण्याची भीती. आयसर, पुणे येथून अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत गेलेले अभिषेक स्वर्णकार आणि तेथील जोसेफ लूथर प्रभृतींनी २०१६ मध्ये मिथिल ॲसिटेटाने बेताचे धुऊन ही कोंडी फोडली, आणि १०.७७ टक्के कार्यक्षमतेचा व १.२३ व्होल्ट विभवाचा घट तयार केला. बेताचे, हा शब्द येथे महत्त्वाचा. सर्व लिगँड काढून टाकण्यात त्यांचे यश नव्हते. किती काढावे आणि किती राहू द्यावे याच्या अंदाजात होते. पुढे थरावर फॉर्मॅमिडिनियम आयोडाइडाचा हात फिरवून हाच आकडा १३.४३ वर गेला, आणि २०२४ च्या आरंभी दक्षिण कोरियातील उल्सान येथील गटाने सेंद्रिय धनायनाच्या पेरोव्स्काइट नॅनोस्फटिकांत लिगँड-विनिमयाचीच नवी तजवीज करून तो १८.१ टक्क्यांपर्यंत नेला.

दक्षिण कोरियाचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगून टाकावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक द्रावणातून काचेवर पातळ थर बसविण्याची जी परंपरा रुजविली, तिच्यात स्वस्त बीकरे, साधी रसायने आणि अफाट चिकाटी एवढेच भांडवल होते. त्या परंपरेतील राजाराम माने पुढे नांदेडच्या विद्यापीठात आले, आणि कोल्हापुरातून दक्षिण कोरियातील ग्वांगजूस गेलेले सावंता माळी यांनी तेथे पेरोव्स्काइटाच्या सौरघटांत जागतिक कीर्तीचे काम केले. पुण्यात सुलभा कुलकर्णी यांनी झिंक सल्फाइडाच्या नॅनोकणांवर निरनिराळे सेंद्रिय रेणू बसवून त्यांचे गुण तपासले ते पेरोव्स्काइटाची लाट येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा पृष्ठावरचे रसायन हा विषय मराठी मुलखाला परका आहे असे समजण्याचे कारण नाही.

लांब साखळीच्या जागी काय योजावे, याविषयी आज तीन विचार प्रचलित आहेत आणि त्यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत. येथे त्यांची केवळ तोंडओळख. बेंझाइलअमाइन व बेंझोइक आम्ल यांसारखे आखूड, सुगंधी वलयाचे रेणू घेतले तर अंतरही घटते आणि वलयावर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे अडथळाही ठेंगणा होतो. एकाच रेणूच्या अंगी धन व ऋण दोन्ही प्रभार असलेले लिगँड घेतले तर ते दोन्ही पायांनी पृष्ठाला धरून राहतात, आणि अनेकवार धुऊनही सुटत नाहीत. तिसरा विचार अधिक सूक्ष्म आहे: लिगँडाच्या द्विध्रुव-आघूर्णामुळे स्फटिकाच्या ऊर्जापातळ्या सबंधच्या सबंध वर किंवा खाली सरकतात, आणि शिशाच्या सल्फाइडाच्या नॅनोस्फटिकांत नुसते लिगँड बदलून त्या ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत सरकल्याचे २०१४ मध्ये दिसले आहे. म्हणजे लिगँड केवळ वाट अडवितो वा मोकळी करतो असे नसून, प्रभाराने कोणत्या बाजूस उतरावे तो उतारही तोच ठरवितो. लिगँडाला निव्वळ विद्युत्रोधक समजून त्याच्या उच्चाटनाचे बेत आखणाऱ्या मंडळींनी या निरीक्षणाकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

शेवटी प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी. तप्त द्रवात टोचण्याची रीत नायट्रोजन व निर्वात-नळीची सोय असल्याशिवाय साधत नाही. परंतु शिसे व सिझियम यांची ब्रोमाइडे लिगँडांसह डायमिथिलफॉर्मॅमाइडात विरघळवून त्याचे थेंब जोराने ढवळल्या जाणाऱ्या टोल्युइनात सोडण्याची दुसरी रीत सामान्य तपमानाला चालते, आणि जंबुपार दिव्याखाली हिरवी दीप्ती काही क्षणांत दिसते. पदव्युत्तर प्रयोगशाळेला ती झेपण्याजोगी आहे. मात्र डायमिथिलफॉर्मॅमाइड त्वचेतून शरीरात शिरते, आणि शिशाचे हे क्षार पाण्यात व ध्रुवीय द्रावकात सहज आयनरूप होतात. तेव्हा हातमोजे व धूर खेचणारे कपाट यांवाचून हा प्रयोग करू नये, आणि धुतल्यानंतरचे प्रत्येक द्रव, अगदी शेवटचे बिनरंगी वाटणारेसुद्धा, नाव लिहिलेल्या स्वतंत्र बाटलीत साठवून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेच्या हवाली करावे. बेसिनात ओतलेले द्रव खाम नदीच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात जाते.